पुन्हा पुन्हा होणाऱ्या जळजळीबद्दल

प्रिय बाळा,

लघवीची जळजळ पुन्हा सुरू झाल्याचं तू सांगितलंस आणि लगेच म्हणालीस, "माझीच स्वच्छता कमी पडत असेल." त्या वाक्याने मला फार वाईट वाटलं. ते आधी मनातून काढून टाक.

ही जळजळ म्हणजे मूत्रमार्गाचा संसर्ग; तो बहुतेक वेळा ई. कोलाय नावाच्या जिवाणूमुळे होतो आणि त्याचा मुक्काम असतो आपल्याच आतड्यात. बाईची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटीमीटरची, पुरुषाची वीसच्या आसपास. शिवाय आपल्याकडे गुदद्वार अगदी लगत. तिथून मूत्राशयापर्यंत पोचायला जंतूला वेळ लागत नाही. शरीराची ठेवणच अशी, यात तुझा काय दोष? उलट साबणाने किंवा सुगंधी द्रवांनी आतून धुतलं, तर योनीतले लॅक्टोबॅसिलस हे राखणदार जिवाणू कमी होतात. साधं पाणी पुरे, तेही फक्त बाहेरून.

आता मला खरं काळजीचं वाटतं ते. अँटिबायोटिकने मूत्राशयातले जंतू मरतात, पण आतड्यातले पुष्कळदा तसेच राहतात. अमेरिकेतल्या ब्रॉड इन्स्टिट्यूट आणि वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी काही स्त्रियांचा वर्षभर पाठपुरावा केला. २०२२ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. ई. कोलाय त्रास नसलेल्यांच्याही पोटात सापडला. फरक होता तो बाकीच्या जिवाणूंत. वारंवार त्रास होणाऱ्यांच्या आतड्यात त्यांची विविधता कमी होती, आणि दाह आटोक्यात ठेवणारं ब्युटिरेट बनवणारे जिवाणूही कमी. अभ्यास लहान होता. त्यामुळे पोट सुधारलं की संसर्ग थांबेलच, असं मी म्हणणार नाही, आणि त्या नावाखाली महागड्या प्रोबायोटिक, म्हणजे 'चांगल्या' जिवाणूंच्या, गोळ्या विकणाऱ्यांवर तूही विश्वास ठेवू नकोस. पण दर वेळी मनानेच अँटिबायोटिक घेऊन ती विविधता आणखी कमी का करायची?

म्हणून मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नकोस. पहिली गोळी घेण्याआधी लघवीचं कल्चर कर. सुरुवातीची थोडी धार सोडून द्यायची, मधली धार निर्जंतुक डबीत धरायची, डबीच्या आतल्या बाजूला बोट लागू द्यायचं नाही आणि ती लगेच लॅबमध्ये पोचवायची. दोनेक दिवसांत कळतं की जंतू कोणता आणि कोणतं औषध त्याला लागू पडतं. जळजळ असह्य असेल तर नमुना देऊन डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध सुरू कर, अहवालासाठी कळ सोसत बसू नकोस.

पाणी वाढव. कमी पाणी पिणाऱ्या १४० स्त्रियांनी भाग घेतलेल्या एका चाचणीत, रोज दीड लिटर जास्त पिणाऱ्या गटात संसर्ग जवळपास निम्म्यावर आले. लघवी तुंबवू नकोस, बद्धकोष्ठ होऊ देऊ नकोस. कामाच्या नादात तू दोन्ही करतेस, मला ठाऊक आहे.

थंडी वाजून ताप आला, कमरेच्या वर पाठीत दुखलं किंवा उलट्या झाल्या, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. मग त्याच दिवशी डॉक्टर, रात्र असली तरी.

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं की त्याला वारंवार होणारा संसर्ग धरतात. तू त्यात बसतेस. तेव्हा या वेळी नुसती चिठ्ठी घेऊन परतू नकोस. पुन्हा होऊ नये म्हणून काय करता येईल ते विचार, आणि शुक्राणुनाशक जेल वापरत असशील तर तेही न लाजता सांग, त्यानेही हा त्रास वाढतो. अहवाल आला की फोटो पाठव. सोबत यावंसं वाटलं तर सांग, मी रजा टाकते.

तुझी,
आई