घर दुरुस्त झाले, राडारोड्याचे काय?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कोकणातील बंद घरांविषयी आपल्या दैनिकात गेले काही दिवस वाचकांची पत्रे येत आहेत. चाकरमान्यांनी निवृत्तीनंतर गावी परतावे, जुनी घरे पाडून सुटसुटीत नवी बांधावीत आणि त्यांवर सौर पॅनेल बसवून पर्यावरणालाही हातभार लावावा, असा बहुतेक पत्रांचा सूर आहे. मी स्वतः मुंबईतील नोकरीतून निवृत्त होऊन पत्नी आणि आईसह गेल्या जूनमध्ये राजापूर तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित घरी कायमचा राहायला आलो. घर आम्ही पाडले नाही, दुरुस्त केले. ते करताना जे दिसले त्याचा या चर्चेत कोठेच उल्लेख नाही, म्हणून हे पत्र.

नव्या घरावर काय बसवावे याविषयी सगळेच बोलतात. जुन्या घरातून जे बाहेर काढले जाते ते कोठे जाते, याविषयी कोणी बोलत नाही. आमचे घर आजोबांनी बांधलेले आहे. भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या, चिरे मातीत रचून बाहेरून चुन्याने सांधे भरलेल्या. पुढे पडवी, मग ओटी, माजघर, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणी. ऐनाचे आणि किंजळीचे वासे, फणसाच्या फळ्यांची दारे आणि वर मंगलोरी कौले. तालुक्याच्या गावाहून आलेल्या पहिल्या ठेकेदाराने हे सारे पंधरा मिनिटांत पाहून घेतले आणि सांगितले, ‘‘पाडा आणि स्लॅब टाका, म्हणजे पुढची चाळीस वर्षे बघायला नको.’’ एवढा राडारोडा टाकायचा कोठे, असे विचारल्यावर त्यांनी घरामागच्या पऱ्याकडे, म्हणजे पावसाळी ओढ्याकडे, बोट दाखवले. ‘‘तिथे ढकलू. पहिल्याच पावसात जाईल.’’

जाईल हे खरे आहे. कोठे जाईल, एवढाच प्रश्न आहे. आमचा पऱ्या पुढे मोठ्या वहाळाला मिळतो आणि तो वहाळ अर्जुना नदीला. अर्जुना आणि कोदवली या दोन नद्यांच्या काठी राजापूरची बाजारपेठ आहे, आणि पावसाळ्यात जवाहर चौकात पाणी आले ही बातमी आपल्याच दैनिकात आम्ही जवळजवळ दर वर्षी वाचतो. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले, त्यानंतर वाशिष्ठीतील गाळ काढण्याचे मोठे काम हाती घ्यावे लागले, हेही ताजेच आहे. पाडलेल्या घरांच्या राडारोड्यामुळे पूर येतात असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. डोंगर उघडे पडणे, रस्त्यांसाठी कापलेल्या दरडींची माती, नदीपात्रातली बांधकामे अशी कितीतरी कारणे त्यामागे आहेत. पण एकीकडे सरकारी खर्चाने नदीतून गाळ उपसायचा आणि दुसरीकडे तिच्या पऱ्यांत चिरे नि सिमेंटचे ढिगारे लोटायचे, हा व्यवहार कोणत्याही हिशोबात बसत नाही.

याविषयी नियम नाहीत असेही नाही. केंद्र सरकारने २०१६ मध्ये बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्यासाठी स्वतंत्र नियम केले. कचरा वेगवेगळा करून ठेवण्याची जबाबदारी ज्याचे काम त्याच्यावर आणि तो गोळा करण्याची व्यवस्था स्थानिक संस्थेवर, अशी त्यांतील विभागणी होती. त्यांच्या जागी आलेल्या २०२५ च्या नियमांत मुख्य भर २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्रकल्पांवर आहे. महानगरांच्या दृष्टीने ते योग्यच असेल. पण आमच्या वाडीतले सर्वांत मोठे घरही दोनशे चौरस मीटरचे नाही. अशा घरांचा राडारोडा कोणी, कोठे आणि कशासाठी न्यायचा, याचे उत्तर मला ग्रामपंचायतीत मिळाले नाही, आणि त्यात तेथील कर्मचाऱ्यांचा दोष आहे असे मी म्हणणार नाही, कारण त्यांना हा प्रश्न बहुधा प्रथमच कोणी विचारला असावा.

पाडायचे नाही असे ठरल्यावर आम्ही प्रथम कौले उतरवली. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला काढला आणि तेथून ही कौले गलबतांनी सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. आमच्या कौलांच्या पोटावरही कारखान्याचा छाप होता, अर्धा झिजलेला. दोन गडी खळ्यात बसून एकेक कौल डाव्या हातावर घेत आणि उजव्या हाताच्या पेराने त्यावर टकटक करीत. आवाज खणखणीत आला की कौल उजवीकडे, बद्द आला की डावीकडे. एरवी नजरेला दोन्ही सारखीच दिसत होती. तीन दिवस हा उद्योग चालला आणि सुमारे दोन हजार दोनशे कौलांपैकी चारशेच्या आसपास बाद झाली. बाकीची धुऊन, शेवाळ खरवडून पुन्हा छपरावर गेली. बाद झालेल्या कौलांचे तुकडे शोषखड्ड्यात आणि मागच्या कोब्याखाली भर म्हणून वापरले. पऱ्यात एकही गेले नाही.

लोक कौले काढून पत्रे का घालतात, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. त्यामागे आळस नाही, वानर आहेत. कळप छपरावरून उड्या मारीत गेला की एका दुपारी तीस-चाळीस कौले फुटतात, आणि ऐन पावसात छपरावर चढणारा माणूस आता वाडीत मिळत नाही. पत्र्याखाली मे महिन्यात बसवत नाही आणि आषाढात समोरच्याचे बोलणे ऐकू येत नाही, तरी लोक पत्रे पत्करतात ते यामुळे. आम्हीही मागच्या पडवीवर, जेथे फणसाची फांदी छपराला टेकते आणि वानर प्रथम उतरतात, तेवढ्या भागावर पत्रे घातले आहेत. शेजारी त्यावरून माझी थट्टा करतात आणि ती मला मान्य आहे.

भिंतींचे काम याहून शिकवणारे ठरले. तीसेक वर्षांपूर्वी ‘घर पक्के करावे’ म्हणून वडिलांनी ओटीच्या आणि माजघराच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. अलीकडे तो पोटऱ्यांपर्यंत फुगला होता. गवंड्याने छिन्नी लावताच त्याचा ताटाएवढा पापुद्रा अखंड सुटून आला, आणि मागचा चिरा मार्च महिन्यातही हाताला ओला लागला. त्यावर क्षारांची पांढरी बुरशीसारखी भुकटी आली होती. जांभा सच्छिद्र असतो. तो पावसाळ्यात पाणी पितो आणि पुढे आठ महिने ते हवेत सोडतो. सिमेंटने त्याचे तोंड बंद केले की पाणी आत कोंडते आणि चिराच पोखरू लागते. नवा गिलावा चुन्याचाच करायचा, असे त्यानंतर ठरले.

चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधण्यात आमचे दोन महिने गेले. अखेर पंचक्रोशीबाहेरचे सत्तरी ओलांडलेले एक गवंडी यायला तयार झाले. त्यांनी कळीचा चुना पिंपात घालून पंधरा दिवस पाण्याखाली भिजत ठेवला. चुना विरताना पाणी उकळते हे शाळेत वाचले होते, पाहिले प्रथमच. मग त्यात बारीक चाळलेली रेती, हिरड्याचे पाणी आणि थोडा गूळ. सिमेंटचे काम एका दिवसात हाताला घट्ट लागते, चुन्याला आठवडे लागतात आणि तोवर भिंत ओली ठेवावी लागते. मजुरीचा खर्च निश्चितच जास्त झाला. जगातील कार्बन डायऑक्साइडच्या एकूण उत्सर्जनापैकी सात ते आठ टक्के वाटा सिमेंटनिर्मितीचा आहे, असे सांगितले जाते. चुनाही भट्टीतच भाजावा लागतो, त्यामुळे तो निर्दोष आहे असे नव्हे. पण त्याला सिमेंटपेक्षा कमी आच लागते आणि भिंतीवर वाळताना तो हवेतला काही कार्बन डायऑक्साइड परत शोषून घेतो. खरे सांगायचे, तर चुना निवडताना हा हिशोब माझ्या मनात नव्हता. भिंत कोरडी व्हावी एवढेच डोक्यात होते. गेल्या पावसाळ्यात ती कोरडी राहिली.

जमिनीबाबत मात्र घरात मतभेद झाले. मला माजघराची सारवलेली जमीन तशीच ठेवायची होती. पत्नीने विचारले, ‘‘दर आठ दिवसांनी सारवणार कोण?’’ आईने तिचीच बाजू घेतली. तिने साठ वर्षे त्या जमिनी सारवल्या आहेत आणि तिच्या गुडघ्यांकडे पाहिल्यावर मला पुढे बोलवले नाही. शेणाच्या सारवणाचे गोडवे गाणाऱ्या आम्हा पुरुषांपैकी किती जणांनी कधी शेणात हात घातला आहे, हाही प्रश्न पर्यावरणाच्या चर्चेत विचारला जावा. आता माजघरात लाल कोबा आहे, त्यात सिमेंट आहे, आणि आई त्यावरून अनवाणी चालते तेव्हा समाधानी दिसते.

पाण्याविषयी थोडक्यात लिहितो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. आमचे छप्पर सुमारे १२० चौरस मीटर जागा झाकते आणि रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. म्हणजे साडेतीन लाख लिटरांहून जास्त पाणी पागोळ्यांतून वाहून जाते आणि एप्रिलमध्ये आम्ही टँकरची वाट पाहतो. आम्ही पन्हळी लावून दहा हजार लिटरची टाकी भरून घेतली. मुसळधार पावसाच्या एका दिवसात ती वाहू लागते. जास्तीचे पाणी गाळून विहिरीत सोडतो, पण जांभा ते फार दिवस धरून ठेवत नाही, उताराने खाली सोडून देतो. एका वर्षावरून त्याविषयी अधिक काही लिहिणे योग्य नाही.

सौर विजेचे तर आमचे अजून घोडे अडलेलेच आहे. २०२४ च्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत एक किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, आणि ते पुरेसे आकर्षक आहे. परंतु आमचे वीजमीटर अजूनही आजोबांच्या नावावर आहे आणि ते नाव बदलायला सुरतपासून बेळगावपर्यंत पांगलेल्या अकरा वारसांची संमतीपत्रे हवीत. सामाईक घरे असलेल्या कोकणातील वाचकांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

आता मागणीविषयी. दुरुस्तीसाठी कर्ज मागायला मी एका बँकेत गेलो, तेव्हा अंदाजपत्रक मागण्यात आले. ज्या अभियंत्याकडे गेलो त्याच्याकडे चुन्याच्या गिलाव्याचा, कौले परतण्याचा किंवा जुने वासे तासून पुन्हा वापरण्याचा दरच नव्हता. स्लॅबचा, कॉलमचा आणि टाइल्सचा होता. कागदावर बसत नाही म्हणून कर्ज नाही, आणि कर्ज नाही म्हणून घर पाडायचे, अशा रीतीने कितीतरी सुस्थितीतली घरे जात असतील. शासनाच्या आणि बँकांच्या अंदाजपत्रकांत या कामांचे दर असावेत, ही माझी पहिली विनंती आहे. आमच्या गवंड्यांच्या हाताखाली शिकायला कोणी नाही, त्यांचा मुलगा पुण्यात वाहन चालवतो. किनाऱ्यावरच्या जिल्ह्यांतील आयटीआयमधून गवंडीकाम शिकवताना आठ-पंधरा दिवस तरी चुना, जांभा आणि कौले यांसाठी ठेवता आले तर अशी माणसे हयात आहेत तोवर ते होऊ शकेल.

आणि तालुक्यात एखादी जागा, निदान एखादी शेड, जुन्या घरांतून निघालेला धड माल ठेवण्यासाठी मिळावी. सागवानी खांब आणि कोरीव दारे शहरातले व्यापारी येऊन उचलतात, त्यांची काळजी नको. काळजी आहे ती चिरे, वासे, रिपा आणि कौलांची, ज्यांना व्यापारी हात लावत नाही आणि दुरुस्ती करणाऱ्याला मात्र नेमके तेच हवे असते. आम्हाला मागच्या भिंतीसाठी चाळीस जुने चिरे हवे होते, तेव्हा ते मिळाले नाहीत आणि चिरेखाणीवरून नवे आणावे लागले. त्याच महिन्यात शेजारच्या गावात एक अख्खे घर जेसीबीने पाडून वहाळाकाठी लोटल्याचे नंतर कळले.

आमच्या वाडीतील आणखी एक घर येत्या फेब्रुवारीत पाडायचे ठरले आहे. मी मालकांशी बोललो. स्लॅबच्या घराचा त्यांचा निर्णय झाला आहे आणि तो त्यांचा अधिकार आहे; पण जेसीबी लावण्याआधी चिरे, वासे आणि कौले हाताने वेगळी काढू द्यायला ते तयार आहेत. पावसाच्या आत हे सारे ठेवायचे कोठे तेवढे सांगा, असे ते म्हणतात. आमच्या मांगरात आता दोनशे कौलांपलीकडे जागा उरलेली नाही. ग्रामपंचायतीकडे किंवा तालुक्यातील कोणत्याही संस्थेकडे रिकामी शेड असल्यास त्यांनी फेब्रुवारीपूर्वी कळवावे, माल वाहून नेण्याचा खर्च आम्ही वाडीतले काही जण मिळून करू.

आपला विश्वासू,
एक वाचक
राजापूर तालुका, जि. रत्नागिरी