तुझ्या फीचे पैसे कुठून आले

दांडिया बाजार, वडोदरा
रविवार, 26 ऑक्टोबर 2008

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

आज धनत्रयोदशी. दारात दिवा लावला आणि तुला लिहायला बसले. हे फोनवर बोलता येणार नाही. फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि बाबा दिवसभर तिथेच झोपाळ्यावर असतात. शेजारची मुलगी रात्री हे कागद स्कॅन करून तुला मेल करणार आहे.

गेल्या रविवारी अमेरिकेतून फोनवर नोकरी गेल्याचं तू सांगितलंस आणि बाबांना कळू देऊ नको म्हणालास. मी त्यांना काही बोलले नाही. पण पुढे तिथल्या बुडत्या बँकांबद्दल तू जे म्हणालास ते आठवडाभर माझ्या मनात आहे. "बुडू द्यायला हवं होतं सगळ्यांना. सरकारने एक डॉलर देता कामा नये. आणि झेपत नव्हतं तर लोकांनी घरासाठी कर्जं घेतली कशाला?" तू चिडलेला होतास, नोकरी गेलेल्या माणसाने चिडावंच. तरी हप्ते थकून घरं गेलेल्या त्या माणसांबद्दल तू जसं बोललास तसं बोलू नकोस. का, ते सांगायला आधी दोन गोष्टी सांगाव्या लागतील. दोन्ही आम्ही तुझ्यापासून लपवल्या.

पहिली बाबांची. गेल्या डिसेंबरात ते निवृत्त झाले आणि जानेवारीत ग्रॅच्युइटीतले 1 लाख 80 हजार त्यांनी शेअरमध्ये घातले. तेव्हा सेन्सेक्स 21 हजारांवर होता आणि रावपुऱ्यात चहाच्या टपरीवरसुद्धा माणसं कंपन्यांची नावं घेत होती. बाबांनी आयुष्यात कधी लॉटरीचं तिकीट घेतलेलं नाही, तुला माहीत आहे. पण बरोबरीच्या सगळ्यांचे पैसे दुप्पट झालेले दिसत होते. जानेवारी संपायच्या आतच पहिला फटका बसला. मग भाव उतरले म्हणून आणखी घ्या, सरासरी खाली येईल, असा सल्ला मिळाला. तेही केलं. परवा शुक्रवारी सेन्सेक्स एका दिवसात हजारावर अंकांनी कोसळून 8,701 वर बंद झाला. दलालाच्या ऑफिसातून बाबा साडेचारला घरी आले, चपला काढल्या, झोपाळ्यावर बसले. पाणी दिलं तर पेला हातातच राहिला. त्यांच्या शेअरची किंमत आता सत्तर हजारांच्याही आत आहे. "मुलाला कळवू नकोस, तो तिथून पैसे पाठवेल," एवढंच म्हणाले.

म्हणजे घरातले दोन पुरुष एकाच आठवड्यात एकमेकांपासून तोंड लपवून बसले आहेत आणि दोघांचं गुपित माझ्याकडे.

दुसरी गोष्ट तुझ्या फीची. 2001 च्या जुलैत तुला सुरतेला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. हॉस्टेल धरून लागणारे पैसे आम्ही युनिट ट्रस्टच्या यूएस-64 या म्युच्युअल फंड योजनेत साठवले होते, 5,000 युनिट. त्या काळी आपल्यासारख्या प्रत्येक घरात यूएस-64 होतं, सगळे त्याला बँकेतल्या ठेवीसारखंच समजत. 2 जुलैला जाहीर झालं की सहा महिने खरेदी-विक्री बंद. आतला पैसा शेअरबाजारात होता, बाजार मार्चपासून घसरलेला, आणि युनिटचा जाहीर भाव खऱ्या किमतीपेक्षा कितीतरी चढा ठेवलेला होता. पुढे ऑगस्टपासून 3,000 युनिटांपर्यंत 10 रुपयांनी परत घेऊ म्हणाले, भाव दर महिन्याला दहा पैशांनी वाढवू म्हणाले. आम्ही 14 च्या आसपास घेतलेली. विकवेना. तुझ्या पहिल्या दोन वर्षांचे पैसे मी आमच्या बँकेच्या कर्मचारी पतसंस्थेतून कर्जाने काढले आणि तीन वर्षं पगारातून हप्ते कापून दिले. तुला वाटत होतं, आईने आधीच सोय करून ठेवली होती.

पण घरापेक्षा काउंटरवरचे ते दिवस मला जास्त आठवतात. गिरणीतून निवृत्त झालेले एक गुजराती काका माझ्याकडे पेन्शन घ्यायला यायचे. पुंजी कुठे ठेवू, असं त्यांनी मला कधी तरी विचारलं होतं. मी यूएस-64 सांगितलं होतं, कारण माझे स्वतःचेही तिथेच होते. त्या जुलैत ते हातात प्रमाणपत्रं घेऊन काउंटरसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बेन, आ तो सरकारनुं छे ने?" मी हो म्हटलं. आतून मला काहीच माहीत नव्हतं. दर महिन्याला ते यायचे, तेच विचारायचे, आणि मी तेच उत्तर द्यायची. त्या दोन वर्षांत मला झोप कमी झाली ती तुझ्या फीमुळे नाही.

मग सरकारने पैसे घातले. 5,000 पर्यंतच्या युनिटांना 12 रुपये धरले आणि 2003 च्या जूनपासून त्यांचे पावणेसात टक्क्यांचे करमुक्त बाँड दिले. काकांचा फॉर्म मी स्वतः भरला. त्यांनी सही केली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो पैसा आला कुठून? कर भरणाऱ्यांच्या खिशातून. ज्याने आयुष्यात युनिट हा शब्द ऐकला नाही, त्या मजुराच्या काडेपेटीवरच्या करातूनही आला असेल. बाळ, आपल्यालाही सरकारने असंच वाचवलं आहे. त्याशिवाय आम्ही उभे राहिलो असतो की नाही, मला खरंच सांगता येत नाही.

आणि त्याच सुमाराला आपल्या कोपऱ्यावरच्या वाड्यातल्या मावशींना कोणी वाचवलं नाही. तुला पाढे शिकवायच्या त्या. नवऱ्याच्या फंडाचे 3 लाख 40 हजार त्यांनी एका सहकारी बँकेत ठेवले होते, कारण तिथे दीड टक्का व्याज जास्त मिळत होतं. बँक बुडाली. विम्याचे 1 लाख मिळाले, तेही पुष्कळ हेलपाट्यांनंतर. बाकीच्या रकमेची आशा त्यांनी आता सोडली आहे. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी या आठवड्यात त्या ऑर्डरच्या चकल्या तळत बसल्या आहेत. मावशी आमच्यापेक्षा कमी शहाण्या नव्हत्या, आम्ही त्यांच्यापेक्षा जास्त प्रामाणिक नव्हतो. त्या ज्या काउंटरवर गेल्या त्याच्यामागे सरकार उभं राहिलं नाही, एवढाच फरक.

म्हणून तिकडचं सरकार बँका वाचवायला देणार असलेल्या 700 अब्ज डॉलरांबद्दल मला तुझ्यासारखं सरळ बोलता येत नाही. मी एकतीस वर्षं बँकेत काढली. कुठल्याही बँकेकडे सगळ्यांचे पैसे एकाच दिवशी द्यायला नसतात. या महिन्याच्या सुरुवातीला इथे एका खासगी बँकेबद्दल अफवा उठली, तेव्हा एटीएमसमोरच्या रांगा मी पाहिल्या. रांगेतला प्रत्येक माणूस आपल्यापुरतं शहाणपणाचंच करत होता. गेल्या महिन्यात बुडालेली लेहमन ही तिकडची 158 वर्षांची गुंतवणूक पेढी होती. स्वतःचा 1 रुपया आणि त्यावर 30 रुपयांचा व्यवहार. मग मालाचा भाव चार टक्के उतरला की स्वतःचा रुपया संपला. तिला बुडू दिलं तर महिन्याभरात तुझी नोकरी गेली आणि बाबांचे पैसे गेले. खांडेराव मार्केटमध्ये भाजीवाली मला विचारते, "बेन, अमेरिका डूबी गयुं के शुं?" सगळ्यांना बुडू दिलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार कर.

राग मलाही आहे, पण तो वेगळ्यांवर. एआयजी या तिकडच्या बुडत्या विमा कंपनीला सरकारने 85 अब्ज डॉलर दिले आणि आठवड्याभरात तिच्या माणसांनी कॅलिफोर्नियातल्या महागड्या रिसॉर्टवर 4 लाखांहून जास्त डॉलर उडवले, हे मी पेपरात वाचलं आणि पेपर घडी करून ठेवून दिला. डॉलर आता 50 रुपयांच्या घरात आहे. त्या हिशेबाने 700 अब्ज म्हणजे 35 लाख कोटी, आणि आपल्या देशाचं यंदाचं अख्खं अंदाजपत्रक साडेसात लाख कोटींचं. फेब्रुवारीत शेतकऱ्यांना 60 हजार कोटींची कर्जमाफी जाहीर झाली, तेव्हा आमच्याच स्टाफरूममध्ये "यांना फेडायची सवयच राहणार नाही" असं किती जण म्हणाले! तेच लोक आता बँकांना पैसे दिलेच पाहिजेत म्हणतात. बँका वाचवा, पण घर गेलेल्या माणसाच्या हप्त्यांकडेही बघा, आणि ज्यांनी ही वेळ आणली त्यांना खुर्चीवरून उठवा. मला एवढंच कळतं. झेपणार नाही ते कर्ज त्या माणसाने घेतलं, खरं आहे. पण ते मंजूर करणारा, सही घेणारा, त्यावर कमिशन खाणारा टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसला होता. मी त्या बाजूला बसलेली आहे. समोरचा आपल्यावर किती विश्वास टाकतो, ते मला ठाऊक आहे.

आता कामाचं. यूएस-64 चे ते बाँड या 1 जूनला पुरे झाले. साठ हजार आले, ते मी मुदत ठेवीत टाकले आहेत. त्यातून तुझं तिकीट काढायचं. व्हिसाचं काय होईल ते तूच जाणतोस, पण भाड्याच्या खोलीत एकट्याने बसून बचत खाऊ नकोस. दुसरी नोकरी मिळेपर्यंत इथे ये. नको म्हणू नकोस, हे पैसे पहिल्यापासून तुझ्याच शिक्षणासाठी ठेवलेले होते.

मंगळवारी लक्ष्मीपूजन. आमच्या संध्याकाळी सात वाजता, तुमच्या सकाळी, फोन कर. मी उचलणार नाही, बाबांना उचलायला लावीन. तुझी नोकरी गेल्याचं त्यांना तूच सांग. त्यांच्या शेअरचं तुला माहीत आहे, हेही सांग. मी स्वयंपाकघरात असेन.

तुझी,
आई