तास मोजले, दम कोण मोजणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यांत दिवसाचे ९ चे १२ आणि दुकानं-आस्थापनांत ९ चे १० तास करायला मंजुरी दिली, तेव्हापासून तासांवर बरंच बोलून झालं. मी सांगलीच्या मार्केट यार्डात, शेतकऱ्यांचा माल कमिशनवर विकून देणाऱ्या एका अडत दुकानात २२ वर्षं दिवाणजी, म्हणजे हिशोब लिहिणारा कारकून आहे. हळदीच्या हंगामात आमचे तास तसेही कुणी मोजत नाही. पण कुठलं काम दिवसाच्या कुठल्या वेळी माणसाच्या माथी मारलं जातं, याबद्दल कुणी बोलताना दिसलं नाही.

गेल्या मार्चमधली गोष्ट. सकाळपासून सौदे, वजनं, मध्येच दर विचारणारे फोन. शेतकऱ्यांच्या विक्रीच्या हिशोबाच्या पट्ट्या लिहायला बसलो ते दुपारी चारला, डोळे जड झालेले. कडेगावकडच्या एका शेतकऱ्याच्या १२ क्विंटल हळदीला १४,३०० चा दर निघाला होता, मी लिहिला १३,४००. म्हणजे १०,८०० रुपयांचा फरक. दुसऱ्या दिवशी बिचारा एसटीनं परत आला. पैसे मिळाले, पण दिवस गेला. मला जास्त लागलं ते वेगळंच. तो बोलत होता तेव्हा मला माझ्या चुकीबद्दल काही वाटेना, 'कधी एकदा जातोय' असं झालं होतं. आणि माणूस आमचा वीस वर्षांचा जुना!

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या केली आहे, ती नंतर मुलीनं मोबाईलवर दाखवली. अंगातली ताकद संपून जाणं, कामाबद्दल मनात तुटकपणा येणं, हातून काम नीट न होणं. माझी तिन्ही लक्षणं जुळली. संघटना याला आजार म्हणत नाही. कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ न आवरलेल्या ताणातून हे होतं, असं म्हणते. म्हणजे टॉनिकच्या बाटलीनं भागणार नाही.

आमच्या दारातल्या हमालांकडे बघा. ट्रक उतरवला की थप्पीला टेकून बसतात. पाणी, चहा, मगच पुढची गाडी. मालक ओरडला तरी हलत नाहीत. एकदा मी कुरकुरलो, तर एक म्हातारा हमाल म्हणाला, "दिवाणजी, आमची गाडी रिकामी हुती, आमी बसतो. तुमची कवा हुती?" हे बसणंही फुकट मिळालेलं नाही. १०० किलोचं पोतं ५० वर आणायला हमालांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं, १९६९ चा माथाडी कायदाही लढूनच आला. टेबलावरच्या कामाला काटा नाही, एवढाच फरक.

आता पट्टी मी सौदा झाल्या झाल्या, जेवणाआधी लिहितो. तेवढा वेळ फोन दुकानातला पोरगा घेतो. पावत्या लावणं, बारदान म्हणजे रिकामी पोती मोजणं ही कामं दुपारची. मध्ये दहा मिनिटं शेडच्या सावलीत बसतो. पहिले काही दिवस मालक नुसते बघून जायचे, हल्ली तेही येऊन बसतात.

येत्या हंगामाआधी अडते आणि व्यापाऱ्यांनी निदान एक ठरवावं. रात्री नऊनंतर दिवाणजीला व्हॉट्सअ‍ॅपवर 'उद्या आवक किती?' विचारू नये. सकाळी गाड्या लागेपर्यंत ती आम्हालाही कळत नाही.

आपला,
एक दिवाणजी
मार्केट यार्ड, सांगली