खडीतली फुलझाडं

कोल्चेस्टर, इंग्लंड

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू विचारलंस, फुलझाडांना खत काय घालतेस. काहीच नाही, आणि पाणीही नाही! तुला ते पटलेलं दिसलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचा एसेक्स हा इंग्लंडातला कोरडा भाग. वर्षाचा पाऊस साधारण ५५० मिलिमीटर, म्हणजे आपल्या आटपाडीपेक्षा फार जास्त नाही. पण तुमच्याकडे तो परतीच्या पावसात धो-धो कोसळून मोकळा होतो, इथे बाराही महिने पिरपिर. जवळच एल्मस्टेड मार्केटला बेथ चॅटो या बाईंनी १९९१-९२ च्या हिवाळ्यात गाड्या लावायच्या जागेवर खडीची बाग सुरू केली. रोपं लावताना दिलं तेवढंच पाणी, पुढे तिथे नळी फिरली नाही. बाई २०१८ साली गेल्या, बाग जोरात आहे. जागा बघून झाड निवडायचं, हे त्यांचं सूत्र. तेच मी उचललंय.

माझ्याकडे भूमध्य समुद्राकाठचं लॅव्हेंडर आहे, दक्षिण आफ्रिकेचे अ‍ॅगापॅन्थस नि निफोफिया, दक्षिण अमेरिकेची व्हर्बेना. ही शेवटची बी टाकत सुटते, फरशीच्या फटीही सोडत नाही. तुर्कस्तानाकडचं स्टॅकिस तुला आवडेल. पानावर पांढरी दाट लव. बोट फिरवलं की लोकरच. त्या लवेमुळे ऊन परततं, वारा थेट पानाला भिडत नाही आणि आतली ओल टिकते.

ही मंडळी थंडीपेक्षा हिवाळ्यातल्या ओलीने जास्त मरतात. बुंध्याशी पाणी साचलं की कुजलीच. म्हणून मातीवर चार बोटं जाड बारीक खडी पसरते: वरचं पाणी झरझर खाली जातं, उन्हाळ्यात खालची ओल उडत नाही. खत घातलं तर झाड माजतं, लुसलुशीत वाढतं आणि पहिल्याच कडाक्यात लोळतं. पहिला उन्हाळा मुळं धरेपर्यंत पाणी द्यावं लागतं, तेवढाच लाड. निफोफियाची पानं थंडीत अंबाड्यासारखी वर बांधते, म्हणजे गाभ्यात पाणी शिरत नाही. अ‍ॅगापॅन्थस मात्र पानं झडणारा घ्यावा. बारमाही हिरवा राहणारा दिसतो देखणा, पण इथल्या थंडीत नाजूक.

आणि गंमत म्हणजे तुझ्या परड्यात कोणी न लावता उगवणारी गुलबक्षी इथे लाडाची पाहुणी! हिवाळ्याआधी तिचे कंद उकरून घरात ठेवतात.

अ‍ॅगापॅन्थसचं बी मागितलंस, पण परवाना नि रोगमुक्तीचा दाखला असल्याशिवाय ते भारतात आणता येत नाही. फोटो दादाच्या फोनवर पाठवलेत, त्याला दाखवायला सांग. मामांना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुझी,
भाची