आईच्या कानांवर विश्वास ठेवलात, काका

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

नाव लिहू नकोस असं तुम्ही जिना उतरता उतरता दोनदा बजावलंत, म्हणून नाव लिहीत नाही. पैसे तुम्ही घेतले नाहीत. फोनवर आभार मानायला लागले की 'अगं, पुरे' म्हणून विषय बदलता. मग मी काय करायचं? म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. वाचाल तेव्हा रागावू नका.

बाबा गेले त्याला दीड वर्ष झालं. त्यांच्यामागे हॉलमध्ये त्यांची 'सिस्टीम' राहिली. गॅरार्डचा रेकॉर्ड प्लेअर, कॉस्मिकचा अ‍ॅम्प्लिफायर, पुढे कधीतरी जोडलेला सीडी प्लेअर आणि सुताराकडून मापाने करून घेतलेल्या दोन स्टुलांवर ठेवलेले ते जड लाकडी स्पीकर. बँकेच्या पगारातून एकेक वस्तू घेत हे सगळं जमवायला त्यांना नऊ वर्षं लागली होती. रोज संध्याकाळी जेवणाआधी रेकॉर्डची एक बाजू, म्हणजे वीसेक मिनिटं, आई-बाबा शेजारी शेजारी बसून ऐकायचे. मधे बोलायचे नाहीत. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं असतं.

गेल्या दिवाळीआधी घराला रंग दिला. तेव्हा सोडवून ठेवलेली सिस्टीम परत जोडायला एका दुकानातून माणूस बोलावला. त्याने जोडली, दोन्हीकडून आवाज येतोय हे दाखवलं, पैसे घेतले आणि गेला. त्या संध्याकाळी आईने अब्दुल करीम खाँसाहेबांची रेकॉर्ड लावायला सांगितली. झिंझोटीतली 'पिया बिन नाही आवत चैन'. मिनिटभरातच म्हणाली, "बंद कर. खाँसाहेब मधे नाहीत."

मला कळेना. "मधे म्हणजे?"

"मधे म्हणजे मधे. या दोघांच्या मधे बसून गायचे ते. आता भिंतीतून गाताहेत. कुठूनही गाताहेत."

त्यानंतरच्या चार महिन्यांबद्दल लिहायला बसले तर हात थरथरतो. त्याच दुकानात परत गेलो, तर मालक आईकडे न बघता मला म्हणाले, "आजींचं वय झालंय, असं होतं." कोल्हापुरात एका मोठ्या शोरूममध्ये गेलो. तिथे आम्हाला कुठल्यातरी सिनेमातले स्फोट ऐकवले. सोफा हादरला. जुनं सगळं काढून टाका म्हणाले आणि लाखाच्या वरचा आकडा कागदावर लिहून दिला. आई मांडीवर पर्स घेऊन ताठ बसून होती. तिला काय ऐकायला आवडतं, हे तिथे कोणीही विचारलं नाही. मी तिला कानाच्या डॉक्टरांकडेही नेलं. वयाच्या मानाने कान उत्तम आहेत असं त्यांनी लिहून दिलं, तरी मी ते मनावर घेतलं नाही. बाबा नाहीत म्हणून तिला गाणं रिकामं वाटतंय, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं. या एका विचाराबद्दल मला अजून फार वाईट वाटतं. संक्रांतीपर्यंत आईने रेकॉर्ड लावायला सांगणं बंद केलं.

तुमचा नंबर मिळाला तो मिरजेत. मावसबहिणीच्या मुलीचा तंबोरा जवारीला, म्हणजे तारांखालची घोडी घासून झंकार नीट करून घ्यायला, टाकायला सतारमेकर गल्लीत गेले होते. कारागीर घोडीवर कानस फिरवत होते, मधेच तार छेडून बघत होते. बोलता बोलता आईचं सांगितलं. त्यांनी हातातलं काम थांबवलं आणि म्हणाले, "आकाशवाणीतले एक साहेब आहेत, रिटायर झालेत. त्यांना विचारा. ते ऐकून घेतात."

ते ऐकून घेतात. नंतर मला या वाक्याचा पूर्ण अर्थ लागला.

तुम्ही रविवारी खांद्याला कापडी पिशवी लावून आलात. आधीच्या सगळ्यांनी दारातून आत येताच मशीनकडे धाव घेतली होती. मॉडेल कुठलं, किती वॅटचं, किती जुनं. तुम्ही पाणी प्यायलात आणि विचारलंत, "ऐकायला कोण बसतं?" मी म्हटलं, आई. मग तुम्ही तिच्याजवळ गेलात. शेजारची बाबांची खुर्ची रिकामी होती. तुम्ही त्या खुर्चीकडे एकदा पाहिलंत आणि कोपऱ्यातलं छोटं स्टूल ओढून घेतलंत. त्या स्टुलावर बसून मान इतकी खाली आणलीत की तुमचा कान आईच्या कानाच्या उंचीला आला. आणि म्हणालात, "वहिनी, काय खटकतंय ते मला सांगा. सावकाश सांगा."

आई आधी गप्पच राहिली. चार महिन्यांत तिला हे कोणी विचारलंच नव्हतं. मग बोलायला लागली ती दहा मिनिटं बोलत होती. खाँसाहेब मधे नाहीत, तबल्याची चाट ऐकू येते पण डग्ग्याला घुमारा नाही, बाई गातात त्या पडद्याआडून गातात. तुम्ही एकदाही तिचं वाक्य तोडलं नाहीत, माझ्याकडे बघून हसला नाहीत. नंतर तीच रेकॉर्ड लावायला सांगितलीत आणि तसेच वाकून, डोळे मिटून ऐकलंत. सुई उचलली तेव्हा म्हणालात, "वहिनी बरोबर सांगताहेत."

काका, हे तीन शब्द. आईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, नुसतं सुटल्यासारखं होतं. मला स्वयंपाकघरात जावं लागलं.

बिघाड काय होता, तर एका स्पीकरची वायर उलटी लागली होती. अधिकच्या जागी उणे. तुम्ही पिशवीतून पेन्सिल सेल काढलात, वायरच्या टोकांना टेकवून स्पीकरचा पडदा पुढे येतो की मागे जातो ते बघितलंत आणि काम झालं. मला समजावं म्हणून झोपाळ्याचा दाखला दिलात. एक जण झोका पुढे ढकलतोय आणि दुसरा त्याच वेळी मागे ओढतोय, मग झोका चढणार कसा? खर्जातले आवाज एकमेकांना खाऊन टाकतात, म्हणून डग्गा नाहीसा झाला. आणि खाँसाहेबांच्या मूळ तबकड्या तर त्यांच्या हयातीतल्या, म्हणजे १९३७ च्या आधीच्या, एकाच वाहिनीच्या. डावीकडे आणि उजवीकडे तंतोतंत तेच वाजतं, म्हणून आवाज बरोबर मध्यावर उभा राहिलाच पाहिजे. स्पीकर जोडल्यावर पहिल्यांदा असं जुनं, एका वाहिनीचं गाणं लावावं, हे तुमचं म्हणणं मी आता भेटेल त्याला सांगते. नव्वद वर्षांपूर्वीची, सुईच्या खरखरीतली तीन मिनिटांची तबकडी लाखाच्या सिस्टीमची चूक उघडी पाडते. आणि ती चूक माझ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईने एका मिनिटात सांगितली होती.

स्पीकर कुठे ठेवायचे हेही तुम्ही तिलाच विचारलंत. तिने बोट दाखवलं, तिथे शहाबादी फरशीवर स्टुलांच्या पायांचे आठ फिकट ठसे होते. रंगानंतर आम्ही दोन्ही स्पीकर कपाटावर चढवून ठेवले होते. स्टुलं ठशांवर आली, स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे आले, तोंडं आईच्या खुर्चीकडे वळली. आम्ही पुन्हा 'पिया बिन' लावलं. आई म्हणाली, "आले."

काम संपलं होतं. तुम्ही निघू शकला असता. पण तुम्ही पिशवीतून तुमच्या सीडी काढल्यात, आणि पुढचे दोन तास मी जन्मभर विसरणार नाही.

पहिली 'जॅझ अ‍ॅट द पॉनशॉप'. एके काळी गहाणवटीचं दुकान असलेल्या जागेत स्टॉकहोमला स्टाम्पेन नावाचा क्लब होता, तिथे डिसेंबर १९७६ मध्ये गर्ट पामक्रान्ट्झ यांनी केलेलं हे ध्वनिमुद्रण. जगभरचे हाय-फायवाले ते यंत्र पारखायला वापरतात, असं तुम्ही सांगितलंत. सॅक्सोफोनच्या मागे ग्लास किणकिणत होते, माणसं बोलत होती, आणि प्रत्येक आवाज खोलीत वेगळ्या अंतरावर होता. आई म्हणाली, "लांब डावीकडे कोणीतरी कपबशा ठेवतंय." तुम्ही म्हणालात, "हेच ऐकायचं असतं, वहिनी."

दुसरी 'अ मीटिंग बाय द रिव्हर'. विश्वमोहन भट्टांची मोहनवीणा आणि राय कूडर यांची गिटार. १९९२ च्या सप्टेंबरात सांता बार्बराच्या एका चॅपेलमध्ये दोघं पहिल्यांदाच भेटले आणि वाजवायला बसले. कविचंद्रन अलेक्झांडर यांनी एकाच जागी, एकमेकांना काटकोनात लावलेले दोन मायक्रोफोन वापरून ते सगळं टिपलं. ग्रॅमी मिळालेला हा अल्बम मी आधीही मोबाइलवर ऐकला होता. त्या दिवशी पहिल्यांदा तारांच्या मागे चॅपेलचं छत ऐकू आलं. तुम्ही म्हणालात, चांगला ध्वनिमुद्रक स्वतः बाजूला होतो, गाणारा जिथे बसलाय तिथेच त्याला राहू देतो. तीसेक वर्षं काचेमागे बसून दुसऱ्याचं ऐकलेला माणूसच असं म्हणू शकतो. मला वाटतं सभ्यपणाही काही वेगळा नसतो. समोरचा आहे तिथे त्याला राहू द्यायचं, आपला आवाज त्याच्यावर चढवायचा नाही. अशी माणसं अजून आहेत. सांगली-मिरजेच्या गल्ल्यांत आहेत, त्यांच्या दारावर पाटी नसते.

शेवटी तुम्ही बाबांच्या कपाटातून किशोरीताई आमोणकरांचा भूप राग काढायला लावलात. 'सहेला रे'. आणि म्हणालात, "आता गाणं ऐकू नका. तंबोरा ऐका." सिस्टीमची खरी परीक्षा तंबोऱ्यावर होते हे तुमचं मत मला आता शंभर टक्के पटलंय. ढोल कुठल्याही डब्यावर धडधडतो. पण जवारीवर घासून निघालेल्या तारेचा तो झंकार, एका तारेतून उठणारे ते असंख्य बारीक स्वर, ते यंत्राने जरा आखडून घेतले की तंबोऱ्याची माशी होते, नुसती गुणगुण. तुम्ही विचारलंत, "खर्जाच्या तारेतून गांधार येतोय का?" तंबोऱ्यात गांधाराची, म्हणजे 'ग'ची, तार नसते. तंबोरा नेमका लागला असेल तर गांधार खर्जातून, म्हणजे खालच्या 'सा'च्या तारेतून, आपोआप उमटतो, म्हणून त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. हे मी ऐकून होते, कानांनी कधी पकडलं नव्हतं. मी कान देत राहिले. आईला माझ्या आधी सापडला, तिने बोट वर केलं. मग मलाही. भूपाचा वादी, म्हणजे मुख्य, स्वर गांधारच. किशोरीताई त्या गांधारावर येऊन थांबल्या, तेव्हा त्यांचा स्वर आणि तंबोऱ्यातून आपोआप उमटलेला स्वर असे एकमेकांत मिसळले की कुठला कोणाचा हे सांगता येईना. आई रडत होती. तुम्ही खिडकीबाहेर बघत बसलात, तिला अवघडू नये म्हणून. तेही मी पाहिलं.

काका, आता रोज संध्याकाळी सातला आमच्याकडे एक बाजू लागते. आई मला तंबोरा ओळखायला शिकवतेय. कोणत्या रेकॉर्डवर तो मोकळा घेतलाय आणि कोणत्यावर मागे ढकलून टाकलाय, हे ती वहीत लिहून ठेवतेय. बाबांच्या वहीतली उरलेली पानं आहेत ती.

एक निरोप आहे. कपाटात 'कॉल ऑफ द व्हॅली' सापडली. १९६७ ची. शिवकुमारांचं संतूर, हरिप्रसादांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार, तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मिरातल्या एका मेंढपाळाचा दिवस सकाळच्या अहिर भैरवाने सुरू होतो, म्हणून ती संध्याकाळी लावायला आई तयार नाही. येत्या रविवारी सकाळी सातला या, असं तिचं सांगणं आहे. भडंग ताजं आणून ठेवलंय. आणि त्या दिवशी तुम्ही बाबांच्या खुर्चीत बसला नाहीत, हे तिच्या लक्षात आहे. या वेळी तिथेच बसा, म्हणते.

तुमची,
वहिनींची मुलगी
विश्रामबाग, सांगली