‘तिला नका विचारू, मामा’

सिस्टर,

तुमचं नाव मला माहीत नाही. मिरजेच्या त्या दवाखान्यात सगळे तुम्हाला सिस्टरच म्हणायचे. बोलण्यात जतकडचा कानडी हेल होता, एवढं आठवतं. साल २००७. मी नववीत होते.

बाबा सांगलीत हळदीचे हमाल. २००५ च्या पुरात हरिपूरची बरीच पेवं, म्हणजे हळद साठवायचे जमिनीखालचे खोल खड्डे, गेली, त्याआधी ते पेवात उतरायचे. नखं कायम पिवळी. त्यामुळे डोळे पिवळे झाले तेव्हा गल्लीत चेष्टाच झाली, हळद अंगात मुरली म्हणून. मग काकांनी काविळीचं गावठी औषध आणलं, पथ्य लावलं. अंगाला खाज, वजन उतरत चाललेलं, दुखत मात्र काहीच नाही. दीड महिना तसाच घालवला. साधी कावीळ नव्हतीच ती. स्वादुपिंडाला गाठ होती आणि ती पित्ताची नळी दाबत होती.

हे मला कळलं, कारण घरात इंग्रजी वाचता येणारी मी एकटी. मोठ्या डॉक्टरांनी फाईल माझ्याच हातात दिली, ‘शिकतेस ना? घरी समजावून सांग.’ काका जिन्यात म्हणाले, ‘बाबांना कळू द्यायचं न्हाई. आईलाबी नको.’ शाळेच्या डिक्शनरीत मी ‘मॅलिग्नंट’ शोधला. दुष्ट, घातक. ‘दुष्ट’वर बोट ठेवून किती वेळ बसले होते कोण जाणे.

पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नाही. हवा खेळू देतात, कंदील सोडून बघतात, विझला तर थांबतात. बाबांनीच सांगितलेलं. माझ्या वेळी कंदील कुणी सोडला नाही. शाळेत मैत्रिणींचे वडील न्यायला आले की मी आधी त्यांच्या डोळ्यांत बघायचे, पिवळे आहेत का. ती सवय अजून सुटलेली नाही.

बाबा रोज विचारायचे, ‘काय लिवलंय गं त्यात?’ मी म्हणायचे, ‘सूज हाय.’ त्या संध्याकाळीही विचारलं आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. तुम्ही सलाईन बदलत होतात. बाटली अडकवलीत, थेंब नीट पडतोय का बघितलंत, मग माझ्या मांडीवरची फाईल उचलून काखेत धरलीत.

‘तिला नका विचारू, मामा. मला विचारा.’

फाईल गेली तरी माझे हात तसेच धरलेले होते.

पुढे डॉक्टर येऊन बाबांशी बोलले, आई रडली, काका माझ्यावरच चिडले. ते असो. पण रक्ताची माणसं शपथ घालून पोरीच्या डोक्यावर ओझं देतात आणि ड्युटीवर पाय सुजलेली परकी बाई ते न सांगता उतरवून घेते, याचा हिशेब मला आजही लागत नाही. अशा बायका आहेत म्हणून दवाखाने चालतात, नाहीतर नुसत्या भिंती.

नंतर व्हरांड्यात तुम्ही मला विचारलंत, ‘कुठल्या विषयाची भीती वाटते?’ मी म्हटलं, बीजगणित. ‘मग ते काढ,’ म्हणालात आणि पुढच्या वॉर्डात गेलात.

बाबा दिवाळीनंतर गेले. बीजगणितात काठावर का होईना, पास झाले, सिस्टर. सांगायचं राहून गेलं होतं.