रविवारच्या बायबल स्टडीसाठी सूचना – लेवीय 23 वाचून या

सगळ्यांना जय ख्रिस्त 🙏 या रविवारी उपासना झाल्यावर लगेच बसायचंय, विषय बायबलमधले यहुदी सण आणि त्यांचा आपल्याशी काय संबंध. लेवीय 23 अख्खा अध्याय घरून वाचून या प्लीज, तिथे बसून वाचत बसलो की अर्धा वेळ त्यातच जातो.

मेन फोकस वल्हांडणावर (मिसरच्या गुलामीतून सुटकेचा सण), कारण पौलाने 1 करिंथ 5:7 मध्ये ख्रिस्ताला सरळ आपला वल्हांडणाचा कोकरा म्हटलंय, आणि मग प्रथमफळ म्हणजे पहिल्या पिकाचं अर्पण (1 करिंथ 15:20) आणि त्यानंतर पन्नासाव्या दिवशीचा सप्ताहांचा सण म्हणजेच आपला पेन्टेकॉस्ट (पवित्र आत्मा उतरला तो दिवस). या सणाला यहुदी लांबून यरुशलेमात यायचे, प्रेषित 2 मध्ये यरुशलेमात एवढी देशोदेशीची माणसं का जमलेली ते तेव्हा कळतं. मांडवांच्या सणासाठी (रानात तंबूत राहिल्याची आठवण) योहान 7 बघून ठेवा, वेळ उरला तरच घेऊ.

ग्रुपवर दोघातिघांनी विचारलं की आपण पण सेदरचं, म्हणजे यहुद्यांचं वल्हांडणाच्या रात्रीचं विधीचं जेवण करूया का. माझं मत नाही. आजचा सेदर बराचसा इ.स. 70 मध्ये यरुशलेमचं मंदिर पडल्यानंतर घडलेला यहुद्यांचा स्वतःचा विधी आहे, आपल्या कोकणातले बेने इस्राएल (मराठी बोलणारे यहुदी) लोक पण पेसाह म्हणजे वल्हांडण पाळतात, त्याची हौस म्हणून नक्कल नको. कलस्सै 2:16-17 वाचा आणि मग बोलू, वेगळं मत असेल तर रविवारी समोर मांडा, इथे लांबलचक फॉरवर्ड टाकू नका.

स्वतःचं बायबल आणा, मोबाईल सायलेंट. चहा आहे.